न वाचताच वाचलेली पुस्तकं आणि माझं यंदाचं वाचन

डिसेंबर लागला की फोनवर पुस्तकांच्या चळतीचे फोटो यायला लागतात. कुणी पन्नास वाचलेली असतात, कुणी ऐंशी, खाली लोक विचारतात एवढा वेळ मिळतो कसा ओ तुम्हाला, आणि मग तो माणूस पहाटे पाचला उठतो वगैरे सांगतो. माझ्याकडं आकडा नाही. दर जानेवारीत डायरी घेतो, वाचलेल्याची नोंद ठेवायची ठरवतो आणि फेब्रुवारीपासून त्या डायरीत दूधवाल्याचे खाडे लिहिले जातात. तरी पण हे वर्ष लक्षात राहील असं झालं, कारण यंदा मी मुद्दाम ती पुस्तकं वाचली जी आपण वाचलीयत असं मला, आणि माझ्या ओळखीच्या निम्म्या कोल्हापूरला, आधीपासूनच वाटत होतं.

म्हणजे कसं बघा. खांडेकर राजारामपुरीत राहायचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, रणजित देसाई कोवाडचे, आनंद यादव कागलचे, शंकर पाटील पट्टणकोडोलीचे. आपल्याकडं लेखक गावावरनं ओळखतात. कुणाचे तरी काका त्यांच्या वर्गात असतात, कुणाच्या तरी लग्नात ते येऊन गेलेले असतात, आणि एवढी घसट असल्यावर पुस्तक उघडायची गरज काय असं होऊन बसतं. 'स्वामी' म्हटलं की डोळ्यासमोर दूरदर्शनवरचे रवींद्र मंकणी येतात, 'नटरंग' म्हटलं की २०१० चा पिक्चर आणि अतुल कुलकर्णी, 'मृत्युंजय' म्हटलं की रिक्षाच्या मागं रंगवलेलं कर्णाचं एखादं जबरी वाक्य, जे मला अख्ख्या पुस्तकात कुठं सापडलं नाही ते सोडा. शोकेसमधे ही पुस्तकं असतात, बाइंडिंग सुस्थितीत असतं, घरातलं कुणीतरी कधीतरी वाचलेलं असतं आणि ते सगळ्यांच्या नावावर जमा होतं.

सगळ्यात भारी उदाहरण आमच्या आईचं. मी विचारलं, 'ययाति' वाचलीयस का गं? तर म्हणाली, "न वाचायला काय झालं? केशवराव भोसलेला नाटक बघितलंय मी." आता ते नाटक 'ययाति आणि देवयानी', ते शिरवाडकरांचं. कादंबरी खांडेकरांची. मी हे सांगितल्यावर आई दोन मिनिटं गप्प बसली आणि मग नाटकातली पदं किती छान होती, अभिषेकीबुवांच्या चाली कशा होत्या ते सांगायला लागली, म्हणजे विषय संपला. (केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मधे जळालं तेव्हा आईनं त्या दिवशी टीव्ही बंदच केला नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर, आमच्या घरातल्या तीन पिढ्या तिथं नाटकं बघून आल्यात, पण तो वेगळाच विषय आहे.)

ह्या वर्षाची खरी सुरुवात मात्र माझ्या भाचीनं केली. ती पुण्यात सीबीएसईला बारावीत. फोनवर बोलता बोलता म्हणाली, मामा तू ज्या कागलला कामाला जातोस ते 'जूझ'मधलंच ना? मला टोटलच लागेना. मग कळलं की त्यांच्या हिंदीच्या पुस्तकात 'झोंबी'मधला भाग 'जूझ' नावानं आहे. म्हणजे दिल्लीतली, पाटण्यातली, भोपाळमधली पोरं परीक्षेसाठी का होईना कागलच्या आनंद यादवांचं लिहिलेलं वाचतायत आणि मी रोज सकाळी मिरजकर तिकटीवरनं कंपनीच्या बसनं त्याच रस्त्यानं जाणारा माणूस, मला पुस्तकाबद्दल काय माहिती तर साहित्य अकादमी मिळालाय आणि पुलंची प्रस्तावना आहे एवढंच.

मग घेतलं. मी पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅचला आहे. बस उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव करत लक्ष्मी टेकडीला डावीकडं वळते, कागल गाव तिथनं हाकेच्या अंतरावर. जाताना पाऊण तास, येताना ट्रॅफिक असलं की जास्त, तेवढा वेळ माझा हक्काचा. बाकी लोक झोपतात किंवा रील बघतात, मी खिडकीकडची सीट धरून 'झोंबी' वाचायला लागलो.

१९८७ चं पुस्तक, यादवांची आत्मचरित्रात्मक कादंबरी. शेतात राबणारं पोरगं, आंदा, त्याला शाळेत जायचंय आणि बाप पाठवत नाही. एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत असते, मलाही होती. पण पुस्तकात जे आहे ते ह्या एका ओळीत मावत नाही. आई आणि पोरगं रात्री देसायांच्या वाड्यावर जातात, गावातल्या वजनदार माणसानं बापाला समजवावं म्हणून, आणि जाताना दोघं ठरवतात की आपण येऊन गेलो हे दादाला, म्हणजे बापाला, कळू द्यायचं नाही. पुढं बापाला तिथं बोलवणं जातं, त्याची खरडपट्टी निघते, आणि बाप तयार होतो, पण कसा तर अटी घालून. सकाळी अकरापर्यंत मळ्यात काम, तिथनंच शाळेला, शाळा सुटली की घरी दप्तर टाकून जनावरं चारायला, आणि मळ्यात काम जादा असेल त्या दिवशी शाळा बंद. ह्या अटी वाचताना मी बसमधेच "च्यायला" असं मोठ्यानं म्हणालो, शेजारचा जागा झाला.

पण खरं भारी आहे ते पुढचं, कवितेचं. त्याला सौंदलगेकर नावाचे मराठीचे मास्तर भेटतात, जे कविता चालीवर गाऊन, हावभाव करून शिकवतात. तोपर्यंत ह्या पोराला कवी म्हणजे कोण तरी वेगळ्याच जगातली माणसं वाटत असतात. मास्तरांनी स्वतःच्या दारातल्या मालतीच्या वेलावर कविता केलेली असते, आणि ह्यानं ती कविता पण वाचलेली असते आणि तो वेल पण बघितलेला असतो. बास, तिथनं सगळं बदलतं. म्हणजे दारातल्या वेलावर पण कविता होते, मग माझ्या मळ्यावर, पिकावर, रानातल्या फुलांवर का नाही होणार. मग हा पाणी पाजताना एकटाच मोठ्यानं कविता म्हणतोय, म्हशी राखताना ओळी जुळवतोय, कागद-पेन्सिल जवळ नसली की काटकीनं म्हशीच्या पाठीवर रेघा ओढून लिहितोय नाहीतर दगडानं खडकावर, आणि पाठ झालं की पुसून टाकतोय. मी हा भाग परत परत वाचला. म्हशीच्या पाठीवर वाळलेल्या चिखलाचा एक थर असतो ना, त्यावर काटकीनं रेघ ओढली की खरंच पांढरट उमटते, ज्यानं म्हशी बघितल्यात त्याला हे सांगावं लागणार नाही, आणि ज्यानं नाही बघितल्या त्याला ती ओळ वाचून दिसेल. मला तरी लेखक म्हणून यादव तिथं कळले, अकादमीबिकादमी नंतर.

बापाबद्दल एक सांगतो. सगळे म्हणतात बाप खलनायक आहे, आणि आहेच, स्वतः गावात हिंडणार आणि पोराला रानात जुंपणार. पण एके ठिकाणी गुऱ्हाळाची गोष्ट येते. सगळं गाव ऊस अजून रानात ठेवतंय, पक्व होऊ देतंय, आणि ह्याला घाई, सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ लावायचं. का, तर सगळ्यांचा गूळ एकदम बाजारात आला की भाव पडतो. मी डिस्पॅचला असल्यामुळं असेल, पण मला तो हिशोब पटला राव. माल थोडा कमी प्रतीचा गेला तरी चालेल पण आधी गेला पाहिजे, हे आमच्याकडं महिनाअखेरीला रोज चालतं. म्हणजे बाप मूर्ख नाही, त्याला बाजार कळतो, फक्त पोरगं कळत नाही. एवढ्या रागानं लिहिलेल्या पुस्तकात बापाचा हिशोब पण नीट मांडून ठेवलाय ही गोष्ट मला फार मोठी वाटली.

आणि हे वाचताना डोक्यात दुसरंच काहीतरी फिरत राहिलं. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शाहू महाराज मूळचे कुठले, तर कागलच्या घाटगे घराण्यातले, दत्तक येऊन गादीवर बसलेले. आणि त्याच कागलात, त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी एक पोरगं शाळेत जायला मिळावं म्हणून रात्रीच्या अंधारात आईला घेऊन वाड्यावर जातंय. आपण २६ जूनला मिरवणूक काढतो, दसरा चौकात पुतळ्याला हार घालतो, भाषणं ऐकतो, आणि त्या भाषणात कायदा येतो पण हे पोरगं येत नाही. कायदा झाला म्हणजे झालं असं नसतं, मधे एक बाप असतो, एक मळा असतो, पाण्याची पाळी असते. कुणा शाहू व्याख्यानमालेवाल्यानं एकदा 'झोंबी'वर व्याख्यान ठेवावं, मी पहिल्या रांगेत बसेन.

बसमधे एक सहकारी आहे, खुद्द कागलचा, परतीला लक्ष्मी टेकडीवर उतरतो. त्याला मी उत्साहात सांगायला गेलो तर म्हणतो, "ए भावा, आमच्या गावचं पुस्तक हाय ते. आमास्नी काय सांगालायस?" मी म्हटलं वाचलंयस का. तर म्हणे, "वाचायचं काय त्यात, सगळं आमच्या हितंच घडलंय की." मी पुस्तक त्याच्या डब्याच्या पिशवीत कोंबलं.

पावसाळा सगळा कर्णाकडं गेला. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट म्हणजे एक डोळा पुस्तकात आणि एक डोळा फोनवर, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या माणसाला हे आकडे पाठ असतात आणि ४० च्या पुढं गेलं की पुस्तकात लक्ष लागत नाही. आमच्या घरात पाणी येत नाही पण सासुरवाडी शिरोळ तालुक्यात, त्यामुळं बायको दर तासाला फोन लावणार, मी पान उलटणार, ती विचारणार कुठवर आलंय, आणि मला कळायचं नाही की पाण्याबद्दल विचारतीय का पुस्तकाबद्दल.

तर 'मृत्युंजय'. रद्दीवाल्याकडनं घेतलेली प्रत होती, जुनी, किडा लागलेली, पण अक्षर मोठं. ही कादंबरी वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून सांगितलीय हे पण मला माहीत नव्हतं. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, कर्णाची बायको वृषाली बोलते, भाऊ शोण बोलतो आणि शेवटी कृष्ण. आणि मी रंगात येऊन, रात्री जागून शेवटाकडं आलो तर कृष्णाचा भाग निम्म्यातच गायब! पानंच नाहीत. बाहेर धो धो पाऊस, युद्ध ऐन भरात, कर्णाचं चाक अजून रुतलेलं नाही आणि समोर मागचं कव्हर. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या वाचनालयातनं दुसरी प्रत आणली तर तिच्यात सगळी पानं होती आणि वर समासात अख्खी लढाई चाललेली. कुणीतरी निळ्या बॉलपेननं कर्णाच्या दानशूरपणाच्या पानावर लिहिलेलं, "असा माणूस होणे नाही." त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात पेन्सिलनं, "द्रौपदीला सभेत काय बोलला ते विसरला काय?" त्याच्या खाली परत निळं पेन, "पूर्ण पुस्तक वाचा मग बोला." म्हणजे ह्या माणसानं पुस्तक परत केलं, मग परत नेलं, उत्तर बघितलं आणि उत्तर दिलं! वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मला मान्य आहे पण ह्या दोघांना मी भेटलो असतो तर चहा पाजला असता.

माझं स्वतःचं मत पेन्सिलवाल्याच्या बाजूनं झुकतं. सावंतांचं पुस्तक १९६७ ला आलं तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि ते पानापानातनं कळतं, चांगल्या अर्थानं पण आणि वाईट अर्थानं पण. दम मोठा आहे, झेप मोठी आहे, पण कर्णाला कुठं डाग लागू द्यायचा नाही असा हट्ट पण आहे. त्याच्यापेक्षा मला शोणचा भाग आवडला. भाऊ म्हणजे मागं मागं धावणारा, दादाचं सगळं बघणारा, आणि त्याच्या बघण्यातनं कर्ण जास्त माणूस वाटतो. वाक्यं मात्र फार फुलवलेली आहेत, कधी कधी सूर्य उगवायला अर्धं पान लागतं.

मग लगोलग रणजित देसाईंचं 'राधेय' घेतलं. आता गंमत बघा, आजरा आणि कोवाड, दोन्ही आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडची गावं, आजऱ्याला घनसाळ तांदूळ आणि कोवाडला ताम्रपर्णी, आणि दोन्हीकडनं कर्णावर एकेक कादंबरी. 'राधेय' लहान आहे, आवाज चढत नाही, युद्धापेक्षा माणसांच्या भेटी जास्त. मला वाचायला ते सोपं गेलं, पण पुस्तक मिटल्यावर 'मृत्युंजय'च जास्त आठवत राहिलं, का ते मला नीट सांगता येत नाही. बहुतेक अतिशयोक्तीच लक्षात राहते आपल्या.

आणि ह्या दोघांनंतर मी इरावती कर्वेंचं 'युगान्त' वाचलं. खरंतर हा क्रम कुणी ठरवून दिला असता तरी एवढा जमला नसता. 'युगान्त' पण १९६७ चंच, म्हणजे एकाच वर्षी मराठीत कर्णाला डोक्यावर घेणारं पुस्तक पण आलं आणि महाभारतातल्या सगळ्यांना समोर बसवून जाब विचारणारं पुस्तक पण आलं. बाई मानववंशशास्त्राच्या, त्यांना कुणाचं भक्तिभावानं काही करायचं नाही. भीष्म असो, गांधारी असो, कर्ण असो, ह्यानं काय केलं, का केलं, त्यानं कुणाचं काय झालं, एवढंच विचारतात, आणि भाषा इतकी साधी की घरात बसून कुणीतरी शहाणी आत्या बोलतीय असं वाटतं. भीष्मावरचा लेख वाचून मी दोन दिवस चिडलो होतो, कारण भीष्म म्हणजे आमच्या घरातलं आदरस्थान, आणि बाई म्हणतात त्याच्या प्रतिज्ञेपायी बायकांची आयुष्यं काय झाली ते बघा. चिडलो, मग परत वाचलं, मग खोडून काढता येईना. माझं तर मत आहे की 'मृत्युंजय' विकताना दुकानदारानं 'युगान्त' सोबत बांधूनच द्यावं.

'ययाति' उन्हाळ्यात वाचलेली, ती राहिलीच. १९५९ ची कादंबरी, आणि मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांना १९७४ ला मिळालं ते सगळ्यांना पाठ असतं. खरं सांगायचं तर मला निम्मी आवडली. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं आपलं सांगतात, त्यातला ययाति सगळ्यात कंटाळवाणा. सारखं सुख हवंय, सारखं मन भरत नाही आणि त्यावर सुविचार. खांडेकरांना उपमा दिल्याशिवाय वाक्य सोडवत नाही. पण शर्मिष्ठा बोलायला लागली की पुस्तक जिवंत होतं, राजकन्या होती ती दासी झाली आणि तिच्या बोलण्यात तक्रार कमी आणि बघणं जास्त आहे. देवयानीवर मात्र लेखकानं अन्याय केलाय असं मला वाटतं. तिला कचानं नाकारलं, नवऱ्यानं फसवलं आणि तरी अख्ख्या पुस्तकात गर्विष्ठ ती! हे मी आईला बोललो, तर आईनं नाटकात पण असंच होतं म्हणून सांगितलं आणि पुस्तक मागून घेतलं. चष्म्याचा नंबर वाढलाय, रोज थोडं थोडं वाचते, आणि मधेच स्वयंपाकघरातनं ओरडून विचारते, हा यती मधेच कुठनं आला रे? नाटकात असा कोण होता ते तिला काही केल्या आठवेना.

राजन गवसांचं 'चौंडकं' मी एका दमात वाचू शकलो नाही. जोगतिणींचं आयुष्य, देवाला सोडलेल्या मुली. आपल्याकडं मार्गशीर्षात सौंदत्तीला एसटीच्या गाड्या भरभरून जातात, परत आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा असते, आम्ही लहानपणापासून जातो, डबा घेऊन जायचं, आंबील प्यायची, मजा असायची. जग, म्हणजे डोक्यावर घेतलेली देवीची परडी, पालखीपाशी नाचताना बघायचो आणि ज्यांच्या हातात चौंडकं हे वाद्य असायचं त्यांच्याकडं कधी नीट बघितलंच नव्हतं, त्या पण यात्रेचाच एक भाग, पाळण्यासारख्या. पुस्तक मधेच ठेवलं, पंधरा-वीस दिवस उघडलं नाही, परत घेतलं, पुरं केलं. यंदा आंबील यात्रेला गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या जोगतिणीनं कपाळाला भंडारा लावला आणि मला तिच्याशी काय बोलावं ते सुचेना, तिनंच विचारलं, "कुठल्या गल्लीचा रं तू?"

निपाणीच्या महादेव मोरेंच्या कथा पण ह्याच वर्षी हाताला लागल्या. ह्या माणसानं टॅक्सी चालवली, पुढं पिठाची गिरणी चालवली आणि गिरणीत बसून लिहिलं. २०२४ मधे गेले तेव्हा बातमी वाचून मला पहिल्यांदा नाव कळलं, एवढं जवळ असून. गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, सगळी बोलणारी माणसं, आणि बोली अशी की आमच्या शॉप फ्लोअरवरच्या पोरांनी वाचली तर म्हणतील हे तर आमचंच रेकॉर्डिंग केलंय. निपाणी कर्नाटकात गेली म्हणून आपण त्यांना परके केले की काय कुणास ठाऊक. किरण गुरवांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' पण वाचलं, त्याला २०२१ चा अकादमी पुरस्कार आहे, खेड्यातनं शिकायला शहरात येणाऱ्या पोराची घालमेल इतकी बारीक लिहिलीय की मला माझं होस्टेल आठवलं, जास्त नाही लिहीत, वाचा.

शंकर पाटलांच्या कथा आम्ही घरात मोठ्यानं वाचल्या. ते, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करायचे, म्हणजे ह्या गोष्टी मुळात ऐकायच्याच. लाइट गेली होती म्हणून मोबाईलच्या उजेडात सुरू केलं आणि लाइट आली तरी पोरीनं थांबू दिलं नाही. पोरगी नववीत, एरवी सगळं इंग्लिश वाचते, ड्रॅगन आणि राजवाडे. तिला ते पाटील, तो चावडीवरचा गोंधळ असला हसवून गेला की दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणींना तिनं ते तोंडानं करून दाखवलं. वाचलं नाही हं तिनं अजून, ऐकलं. म्हणजे आमच्या घराण्याची परंपरा सुरू राहणार असं दिसतंय.

लायब्ररीचं एक राहिलं. बऱ्याच वर्षांनी यंदा परत नाव घातलं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडीच्या पण आधीचं. आणि हे मला यंदाच कळलं की भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला तो कोल्हापूर संस्थानानं, १९४५ ला, मद्रासचा कायदा त्याच्या नंतर १९४८ ला. पैलवान, तांबडा-पांढरा आणि चप्पल सोडून आपल्याला मिरवायला एवढी मोठी गोष्ट आहे आणि रंकाळ्यावर एका पण भेळवाल्याला ती माहीत नाही. मला तरी कुठं होती. आई सांगते तिच्या वेळेला बाबा कदमांच्या कादंबऱ्यांसाठी नंबर लावायला लागायचे, एक बाई पुस्तक परत करायला आली की दुसरी काउंटरलाच धरून उभी. बाबा कदम पण इथलेच, वकील माणूस. त्यांना कुणी अकादमीबिकादमी दिली नाही, पण आईच्या पिढीतल्या बायकांना विचारा.

जिल्ह्याबाहेरचं वाचलं नाही असं नाही. 'स्मृतिचित्रे' वाचली, लक्ष्मीबाई टिळकांची. त्याबद्दल मी काय लिहू, मराठीत ह्याच्यापेक्षा चांगलं आत्मचरित्र असलं तर मला दाखवा. नवरा न सांगता घरातनं गायब होतो, धर्म बदलतो, संसाराचं वाटोळं होतं आणि ही बाई लिहिताना हसवते. दिवाळी अंक दरवर्षीसारखे, लायब्ररीच्या योजनेतनं, अर्धे जाहिराती आणि राशिभविष्य, पण एखादा लेख असा निघतो की वर्षभराचे पैसे वसूल. श्रीमंत कसं व्हावं छाप दोन-तीन भाषांतरं ऑफिसात भेट म्हणून मिळालेली, ती पंधरा-वीस पानांवर सोडली, त्यातली मराठी अशी की वाचताना दात दुखतात. एक जाडजूड इतिहासाचं पुस्तक ऑनलाइन मागवलं, ते आलं तेच कोपरे दुमडून, परत पाठवायचा कंटाळा केला, अजून तसंच आहे.

पुढच्या वर्षी 'झोंबी'च्या पुढचे भाग घ्यायचेत, 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल'. 'श्रीमान योगी' शोकेसमधे आहे, ते काढायचं का ते बघू, जाडी बघूनच घाम फुटतो आणि ते बसमधे धरायचं कसं हा पण प्रश्न आहे. त्याआधी 'झोंबी'ची प्रत परत मिळवायला पाहिजे. कागलवाला गडी अजून देत नाही. गेल्या आठवड्यात विचारलं तर म्हणाला, "थांब की जरा, आमचा म्हातारा वाचालाय. त्यातल्या निम्म्या लोकांस्नी वळखतोय म्हणं, आणि यादवांनी एका ठिकाणी चुकीचं लिवलंय म्हणतोय." कुठल्या ठिकाणी ते विचारलं तर म्हणे, ते पुस्तक संपल्यावर सांगणार आहेत.